आधी वारा, मग बेटे

भूमध्य समुद्रातील बेटांमध्ये शिडाच्या नौकेने हिंडणे हा एके काळी राजेरजवाड्यांचा आणि लक्षाधीशांचा छंद होता. आज तसे राहिलेले नाही. सहा-आठ स्नेह्यांनी मिळून आठवड्यासाठी नौका भाड्याने घ्यावी, वर्गणी काढावी, शनिवारी निघावे आणि पुढच्या शनिवारी नौका परत करावी, असा हा मध्यमवर्गीय माणसाच्याही आवाक्यात येऊ लागलेला प्रवास आहे. महाराष्ट्रातूनही माणसे त्यासाठी जाऊ लागली आहेत. तेव्हा अशा सफरीची आखणी कशी करावी, हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा नाही.

या आखणीची सर्वसाधारण रीत अशी असते. नकाशा पसरायचा, चित्रांत पाहिलेल्या बेटांवर खुणा करायच्या, खुणा रेघांनी जोडायच्या, रेघा सात दिवसांत वाटायच्या आणि विमानाची तिकिटे काढायची. आगगाडीच्या किंवा मोटारीच्या प्रवासाला ही रीत चालते, कारण रूळ आणि रस्ता आपल्या जागी असतात. शिडाच्या नौकेचा रस्ता मात्र रोज नवा तयार होतो, आणि तो तयार करतो वारा. म्हणून मला येथे एकच गोष्ट सांगायची आहे : या सफरीत आधी वाऱ्याचा विचार करावा, मग परतीचा, आणि बेटांचा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात, सुट्टीचा विचका होतो आणि कधी कधी जिवावरही बेतते.

उदाहरणासाठी आपण ग्रीसचा समुद्र घेऊ. अथेन्स शहरात आजही एक अष्टकोनी संगमरवरी मनोरा उभा आहे. त्याला वाऱ्यांचा मनोरा म्हणतात. तो अँड्रॉनिकस नावाच्या ज्योतिर्विदाने बांधला. त्याच्या आठ बाजूंवर आठ दिशांच्या वाऱ्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराने बाजारपेठेजवळ वाऱ्याचे स्मारक उभारावे, यातच त्या देशाचे आणि समुद्राचे नाते कळून येते. प्राचीन ग्रीकांनी उन्हाळ्यातील उत्तरेच्या वाऱ्याला ‘वार्षिक’ या अर्थाचे एतेसिअन हे नाव दिले होते. मॅसिडोनियाचा राजा फिलिप या वाऱ्याचा हंगाम साधून उत्तरेत हालचाली करतो आणि आपली गलबते वाऱ्याविरुद्ध तेथे वेळेवर पोहोचू शकत नाहीत, अशी तक्रार डेमॉस्थेनीस या वक्त्याने इसवी सनापूर्वी ३५१ मध्ये अथेन्सच्या सभेपुढे केली. म्हणजे वाऱ्याचे पंचांग पाहून आखणी करणारा जिंकतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

त्याच वाऱ्याला आज मेल्तेमी म्हणतात. तो इजिअन समुद्रावर साधारणपणे जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि एकदा सुरू झाला की तो कधी दोन दिवस, तर कधी सलग आठवडाभरही टिकतो. त्याचे कारण आपल्याला जवळचे आहे. उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. उलट वायव्य भारत व पाकिस्तानपासून इराणवरून तुर्कस्तानपर्यंत तापलेल्या भूमीवर कमी दाबाचा लांबलचक पट्टा तयार होतो. या दोहोंच्या मधून इजिअनवर उत्तरेचा वारा लोटतो. कमी दाबाचा हाच पट्टा आपल्याकडे मोसमी वारे ओढून आणतो. कोकणात पाऊस कोसळत असतो आणि इजिअनवर कडक उन्हात वारा घोंगावत असतो. दोन्हींची चूल मात्र एकच!

पण या नात्यामुळेच आपली फसगत होण्याचा संभव असतो. आपल्या मनात समुद्राचा कोप म्हणजे काळे ढग, पाऊस आणि अंधारलेले क्षितिज. आपले कोळी बांधव ते दिवस घरी बसून काढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुढे बाहेर पडतात. मेल्तेमीत ढगाचा ठिपका नसतो. आकाश निळे, ऊन स्वच्छ, दूरची बेटे स्पष्ट दिसत असतात, आणि तरीही समुद्र लहान नौकेला न झेपणारा असतो. आकाशाकडे पाहून येथे काहीच कळत नाही. वाऱ्याचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ पाहावा लागतो.

या अंदाजात ब्यूफोर्टचे आकडे असतात, ते समजून घेतले पाहिजेत. ४ हा आकडा म्हणजे ताशी ११ ते १६ सागरी मैलांचा वारा. शीडनौकेला हा मोठा सुखाचा. ७ म्हणजे ताशी २८ ते ३३ सागरी मैल. आकड्यांकडे पाहून वाटते की वारा फार तर दुप्पट झाला. पण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. शिवाय दोन बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत वारा कोंडून अधिक जोराने सुटतो. उंच डोंगराच्या बेटामागे आडोसा मिळेल म्हणून जावे, तर डोंगरावरून खाली कोसळणारे झोत तेथे उघड्या समुद्रापेक्षाही जबर असू शकतात.

आता शिडाची रीत पाहू. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. त्यामुळे सरळ ६० मैलांचा मार्ग जवळजवळ ८५ मैलांचा होतो. इंजिन असतेच, पण समोरून येणाऱ्या उंच लाटांवर लहान नौकेचे इंजिन फार उपयोगी पडत नाही. नौका आपटत राहते आणि माणसे आजारी पडतात.

हे सारे ध्यानात घेऊन सर्वांत लोकप्रिय बेत तपासू. अथेन्सहून निघायचे, सुनिओन भूशिराला वळसा घालायचा, सिक्लाडीझ बेटांतून पारोस, नाक्सोस करीत सॅन्टोरिनी गाठायचे आणि परत यायचे; सारे सात दिवसांत. सॅन्टोरिनी अथेन्सपासून सुमारे १२५ सागरी मैल आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. शीडनौकेचा सरासरी वेग ताशी ५ सागरी मैल धरला तर नुसते जाण्यास २५ तास लागतात. रोज पाच तासांचा प्रवास सुखाचा मानला, तर जाण्यातच पाच दिवस जातात. येण्याचे पाच दिवस धरा, म्हणजे दहा झाले. आणि तेही वारा आडवा न आल्यास. पण वारा उत्तरेचा आहे. जाताना तो पाठीशी असतो, म्हणून पहिले तीन दिवस मंडळी खुशीत असतात. परतताना तोच वारा नौकेच्या पुढच्या बाजूवर येतो. जाणे जितके सोपे, तितके येणे अवघड, हीच या बेताची मेख आहे.

खरा धोका येथून सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी नौका तळावर हवी, शनिवारी नवे भाडेकरू येणार, रविवारी विमान आहे, सोमवारी कचेरी आहे. गुरुवारी वारा ७ चा आहे. बंदरात थांबणे शहाणपणाचे, हे सर्वांना कळत असते. पण तिकिटे खिशात असतात. अशा वेळी माणूस समुद्राशी नव्हे, तारखेशी झुंजू लागतो. होमरच्या ओडिसीत वाऱ्यांचा स्वामी इओलस सारे प्रतिकूल वारे एका पिशवीत बांधून ओडिसिअसला देतो. नऊ दिवस गलबत सुरळीत चालते, दहाव्या दिवशी इथाका बेट डोळ्यांसमोर येते, थकलेला नायक झोपी जातो, आणि पिशवीत सोने असेल म्हणून सोबती ती सोडतात. घर दिसत असतानाच सारे उलटते. परतीच्या टप्प्यावर थकवा आणि उतावीळपणा एकत्र येतात, हे त्या कथेचे मर्म आजच्या नौकेलाही लागू आहे.

यावर उपाय आखणीतच करावा लागतो. पहिला उपाय असा की, उपलब्ध दिवसांपैकी एक तृतीयांश दिवस संपले की नौकेचे तोंड तळाकडे वळवायचे. सात दिवसांच्या सफरीत सर्वांत दूरचा मुक्काम तिसऱ्या दिवशी. दुसरा, एक दिवस संपूर्ण मोकळा ठेवायचा. वारा अनुकूल राहिला तर तो पोहण्यात जाईल, नाही तर बंदरात बसण्यात. दोन्ही प्रकारे तो उपयोगीच पडेल. तिसरा, विमान आणि नौका परत करण्याची वेळ यांत निदान एक दिवसाचे अंतर ठेवायचे. चौथा, प्रत्येक मुक्कामासाठी जवळचे दुसरे सुरक्षित बंदर आधीच निवडून ठेवायचे. वारा फार वाढणार असला तर बंदर-अधिकारी बाहेर पडण्यास मनाई करू शकतात. मोठ्या प्रवासी बोटीही तेव्हा धक्क्याला बांधून राहतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग जावे कोठे? प्रथमच जाणाऱ्यांसाठी दोन प्रदेश चांगले. एक अथेन्सजवळचे सरोनिक आखात. आत्तिकाच्या भूमीचा आडोसा असल्याने मेल्तेमी येथे बराच सौम्य होऊन येतो. अथेन्सच्या अलिमोस बंदरापासून एजिना सुमारे १६ मैल, तेथून पोरोस सुमारे १५, तेथून हायड्रा सुमारे १२. हायड्रावर मोटारी नाहीत. ओझी खेचरांवर आणि गाढवांवर वाहिली जातात. दुसरा प्रदेश ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनिअन समुद्र : कॉर्फू, लेफ्कादा, इथाका, केफालोनिया. येथे उन्हाळ्यात वायव्येचा वारा बहुधा दुपारी उठतो आणि रात्री निवतो. म्हणून उत्तरेकडचा पल्ला सकाळच्या शांत वेळी इंजिनावर काढायचा आणि दक्षिणेकडचा दुपारी शिडावर, असे साधे वेळापत्रक बसते. १९५३ च्या भूकंपात या भागातील गावे जमीनदोस्त झाली; त्यातून वाचलेली जुनी घरे केफालोनियाच्या फिस्कार्दो बंदरात पाहायला मिळतात. सिक्लाडीझचाच हट्ट असेल तर मे किंवा जूनच्या पूर्वार्धात जावे, आणि केआ, किथनॉस ही जवळची बेटे पाहून वळावे. सॅन्टोरिनी पाहायचीच असेल तर तिच्यासाठी प्रवासी बोट आहे. ती पाहण्यासाठी शिडाचीच नौका हवी असे नाही.

आता नौका आणि माणसे. कप्तानाशिवाय नौका घ्यायची तर ग्रीसमध्ये संघातील एकाजवळ मान्य प्रमाणपत्र असावे लागते आणि दुसऱ्या एकाला कामाची माहिती असावी लागते. ते नसेल तर स्थानिक कप्तान भाड्याने घ्यावा. त्याचा पगार आणि जेवण वर्गणीत धरावे, आणि तो ‘आज नाही’ म्हणाला की तो शब्द अखेरचा मानावा, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी ठरवावे. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. कोससारखी बेटे तुर्की किनाऱ्याच्या अगदी समोर आहेत. पण पलीकडे जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर पडणे होय, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्याला परत येता येत नाही. मोह कितीही झाला तरी ही गोष्ट विसरू नये.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी थोडी असते. त्यामुळे तेथे नौका लावण्याची रीत वेगळी आहे. पुढून नांगर टाकायचा, नौका मागे मागे नेत तिची मागची बाजू धक्क्याला आणायची आणि दोन दोरांनी बांधायची. आडव्या वाऱ्यात हे काम कौशल्याचे ठरते. म्हणून दुपारी लवकर, जागा असताना आणि उजेड असताना बंदर गाठावे. पाण्याच्या टाकीत तीन-चारशे लिटर पाणी असते. आठ माणसांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर ते दोन दिवसही पुरणार नाही. शाकाहारी मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही : भाजलेल्या मोठ्या पांढऱ्या वालांची गिगांतेस, उकडलेल्या रानभाजीची होर्ता आणि डाळीच्या घट्ट वरणासारखा फावा खाणावळींत मिळतो.

तेव्हा आखणीच्या कागदावर तीन रकाने काढावेत. पहिल्यात त्या महिन्यातील वाऱ्याची दिशा आणि जोर लिहावा. दुसऱ्यात परतीचा दिवस, मोकळा दिवस आणि वळण्याचा दिवस लिहावा. तिसऱ्यात बेटे लिहावीत, आणि तीही पेन्सिलीने. काही बेटे पाहायची राहतील. पण ती हजारो वर्षे तेथेच आहेत आणि पुढच्या वर्षीही असतील. आपण सर्वजण घरी सुखरूप परतलो, तरच त्यांना पुन्हा भेटता येईल.