लाकूड टिकते ते रंगाआधीच्या कामाने

पुण्या-नाशिकच्या परिसरातील शेतावरचे घर असो, सांगली-कोल्हापूरकडील वाड्याचे परसदार असो किंवा गोदामामागची लहानशी बाग असो, एका कोपऱ्यात लाकडी शेड उभी असलेली आता पुष्कळ ठिकाणी दिसते. कुदळ, फावडे, झारी, रिकाम्या कुंड्या, मुलांच्या सायकली अशा वस्तूंचा तो आसरा. घराची जेवढी काळजी घेतली जाते तिचा दशांशही या शेडच्या वाट्याला येत नाही. बांधून झाल्यावर घाईने रंगाचा एक हात दिला जातो आणि काही पावसाळ्यांनंतर खालच्या फळ्या बोटाने दाबल्या तरी भुसभुशीत लागतात. मग वाळवी येते, वाळवीमागून विषारी फवारणी येते आणि अखेरीस नवे लाकूड आणावे लागते. पैसा, झाड आणि जीव या तिन्हींची ही हानी टाळता येण्यासारखी आहे. परंतु तिचा उपाय रंगाच्या डब्यात नसून रंगाआधीच्या कामात आहे.

लाकडाचा खरा वैरी पाणी. उन्हाने लाकडाचा वरचा थर करडा पडतो, पण आतील लाकूड त्यामुळे कुजत नाही. कुजवणारी बुरशी वाढण्यास ओलावा लागतो. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिले तर तिला वाढता येत नाही. कोरडे राहिलेले लाकूड किती टिकते, याची साक्ष दूर जाऊनही मिळते. गुजरातमधील पाटण येथील जैन सभामंडपाचा सोळाव्या शतकातील कोरीव सागवानी घुमट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चारशेहून अधिक वर्षांनंतरही त्यावर जुन्या रंगाच्या खुणा शिल्लक आहेत.

म्हणून पहिले लक्ष पायाकडे द्यावे. लाकूड मातीला टेकता कामा नये. दगडाचे किंवा विटांचे वीतभर उंच जोते, त्यावर चौकट आणि चौकटीखाली वारा खेळण्यास जागा, एवढी व्यवस्था असली की जमिनीची ओल वर चढत नाही. छपराची वळचण भिंतीबाहेर पुरेशी आलेली असावी, म्हणजे पागोळ्या फळ्यांवर न पडता दूर पडतात. भिंतीला टेकून सरपण, कुंड्या किंवा पालापाचोळा रचण्याची सवय मोडावी. वाळवी बहुधा जमिनीतूनच मातीच्या नळ्या बांधत वर येते. जोते उघडे व स्वच्छ असेल तर त्या नळ्या प्रारंभीच नजरेस पडतात.

दुसरी गोष्ट वेळेची. महाराष्ट्रात लाकूड रंगविण्याचा योग्य काळ होळीनंतरचा. तोवर लाकूड चांगले वाळलेले असते आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी रंग पक्का होण्यास अवधी मिळतो. पावसाळ्यात ओल्या फळीवर दिलेला रंग पाणी आत कोंडतो. पुढे ऊन पडले की त्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. चातुर्मासात उकराउकर करू नये, या जुन्या शिस्तीला येथे सुताराच्या अनुभवाचाही आधार मिळतो, कारण त्या दिवसांत जुन्या फळ्यांच्या आड आणि मातीत जीवजंतूंची वस्ती सर्वाधिक असते.

कामाच्या आदल्या दिवशी शेड पूर्ण रिकामी करून दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. पाली, कोळी आणि किडे पुष्कळसे आपणहून निघून जातात. राहिलेले मऊ कुंच्याने अलगद बाहेर काढावेत. गांधीलमाशीचे नांदते घर असेल तर ती बाजू ते रिकामे होईपर्यंत थांबवावी. त्यानंतर जाळी-धूळ झाडून शेवाळलेला भाग ओल्या फडक्याने पुसावा आणि लाकूड दोन-तीन दिवस वाळू द्यावे.

आता खरे श्रमाचे काम सुरू होते. सुटलेला जुना रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडावा आणि जाड काचकागदाने प्रारंभ करून बारीक काचकागदावर यावे. कागद नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. आडवा फिरविल्यास ओरखडे रंगाखालूनही दिसतात. जुन्या दारांचे लाकूड शेडसाठी वापरले असेल तर विशेष जपावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून, तोंडावर चांगला मास्क लावून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि खरवडलेला रंग गोळा करून बंद पिशवीत भरावा. तो जाळू नये.

कुजलेल्या भागावर लांबी भरून रंग देणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते. घट्ट लाकूड लागेपर्यंत तो भाग कापून तेथे वाळलेला नवा तुकडा बसवावा. खिळ्यांची भोके आणि बारीक भेगा यांपुरतीच लांबी योग्य. गंजके खिळे काढून जस्ताचा मुलामा असलेले खिळे किंवा स्क्रू घ्यावेत. सागवान असेल तरी त्याचा बाहेरचा फिकट भाग आतील गाभ्याइतका टिकाऊ नसतो, हे फळी निवडताना ध्यानात ठेवावे. स्वस्त पाइनला तर अधिक संरक्षण लागते.

साहित्य विकत घेताना व्यापारी जसा मालाचा मूळ घटक पाहतो, तसा येथेही पाहावा. रंगाचे पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे ब्रश सहज मिळतात व पाण्याच्या रंगासाठी तेच अधिक सोयीचे असतात. गाठींवर आणि पॉलिशसाठी वापरली जाणारी चपडी लाखेच्या किड्यांपासून मिळते. सुतारकामातील पारंपरिक सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. त्याऐवजी आज कृत्रिम डिंक मिळतो. अहिंसेचा विचार घरात पाळणाऱ्या कुटुंबाने दुकानदारास हे प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये.

रंगाचा क्रम साधा आहे. प्रथम अस्तराचा एक हात, तो वाळल्यावर हलका काचकागद, मग बाहेरच्या वापरासाठी बनविलेल्या रंगाचे दोन पातळ हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. फळीची कापलेली टोके पाणी सर्वाधिक शोषतात, म्हणून तेथे एक हात जास्त द्यावा. शक्य असल्यास फळी बसविण्यापूर्वीच तिची मागील बाजूही रंगवावी. भर उन्हात रंग देऊ नये, कारण वरचा थर आधी सुकतो व आतला ओला राहतो. सकाळी दव ओसरल्यावर सावलीच्या बाजूने आरंभ करावा आणि संध्याकाळपूर्वी रंग हाताला न चिकटण्याइतका सुकेल असा हिशेब ठेवावा. दिव्याच्या उजेडात रंगकाम केले तर उजेडाकडे आलेले असंख्य कीटक ओल्या रंगात अडकून मरतात आणि भिंतही खराब होते.

लाकडाची मूळ शोभा दिसावी असे वाटत असेल तर रंगाऐवजी बेलतेल देता येते. ते फडक्याने मुरवून वरचे जादा तेल पुसून घ्यावे लागते आणि दर वर्षी पुन्हा द्यावे लागते. मात्र तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

पुढची निगा वर्षातून दोनदा पुरते. वैशाखात छप्पर, पन्हळ आणि सांधे तपासावेत. कार्तिकात शेड रिकामी करून वारा द्यावा. ज्ञानपंचमीच्या सुमारास पोथ्या-पुस्तके काढून झाडली जातात, त्याच आठवड्यात हेही काम उरकता येते. रंग उडालेली जागा लगेच घासून तेवढीच रंगवावी. मातीची नळी दिसली तर आधी ओल कोठून येते ते शोधावे. गळका नळ दुरुस्त करणे किंवा टेकलेली माती दूर करणे, एवढ्यानेही वाळवीचा मार्ग पुष्कळदा तुटतो.

व्यापारी वहीत यंत्राचा आणि गाडीचा घसारा दर वर्षी नियमाने लिहितो. लाकडाचाही घसारा असतो, परंतु तो बराचसा मालकाच्या हाती असतो. वर्षातले दोन दिवस, काही काचकागद आणि रंगाचा एक लहान डबा एवढा खर्च वेळेवर घातला, तर नवे लाकूड आणण्याचा आणि विष फवारण्याचा प्रसंग पुष्कळ वर्षे लांबणीवर पडतो.