संगणकांचें श्रमदान आणि त्याची मांडणी

ऑक्टोबर २०२४ मध्यें ल्यूक ड्युरंट या अमेरिकन गृहस्थानें तोंवर माहीत असलेल्या मूळ संख्यांपैकीं सर्वांत मोठी संख्या शोधून काढली. दोन या संख्येचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यांतून एक वजा केला म्हणजे ती मिळते, आणि ती पूर्ण लिहावयाची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. हा शोध एखाद्या विद्यापीठाच्या महायंत्रावर लागलेला नाहीं. १७ देशांतील २४ विभागांत पसरलेल्या संगणक-केंद्रांतील यंत्रें त्यासाठीं राबत होतीं. डब्लिन येथील यंत्रानें ११ ऑक्टोबरला अनुकूल कौल दिला आणि दुसऱ्या दिवशीं टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील यंत्रानें तो निराळ्या कसोटीनें पक्का केला.

ज्या उपक्रमाच्या आश्रयानें हें घडलें, तो जॉर्ज वोल्टमन यांनीं १९९६ साली सुरू केला. एक प्रचंड गणित घ्यावें, त्याचे लहान लहान तुकडे करावे आणि स्वेच्छेनें पुढें आलेल्या हजारों लोकांच्या संगणकांना ते वांटून द्यावे, अशी ही रीत आहे. १९९९ च्या मे महिन्यांत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम काढून ती घरोघर पोहोंचविली. अरेसिबोच्या दुर्बिणीनें टिपलेल्या आकाशांतील रेडिओ-लहरींत बुद्धिमान जीवांची कांहीं खूण सांपडते काय, हें लोकांचे संगणक तपाशीत. मार्च २०२० अखेर तेथून नवें काम वांटणें बंद झालें. परंतु डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकारानें तेथेंच तयार झालेली ‘बॉइंक’ ही सर्वसाधारण प्रणाली अनेक शास्त्रीय उपक्रमांना उपयोगी पडत आली आहे.

घरच्या संगणकावर ही प्रणाली बसविणें सोपें असतें. पडद्यावर प्रश्न येतात, त्यांचीं उत्तरें द्यावीं, कीं पांच मिनिटांत काम उरकतें. सर्व्हरची गोष्ट निराळी. त्याला बहुधा ना पडदा, ना कळफलक. तो दूरच्या एखाद्या थंड खोलींत कपाटांत बसविलेला असतो आणि त्याच्याशीं बोलणें तें टंकलिखित आज्ञांनीं. एक सर्व्हर असेल तर आज्ञा हातानें लिहितां येतात. चाळीस असले म्हणजे अकराव्यावर एखादी आज्ञा गळते, तेविसाव्यावर एक अंक चुकतो, आणि कोणत्या यंत्रावर काय झालें तें महिन्यानंतर कोणालाच सांगतां येत नाहीं. यास्तव सर्व कृति एका लेखांत उतरवून, तो वाचून अंमलांत आणणाऱ्या साधनाच्या स्वाधीन करतात. २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेलें ‘अँसिबल’ हें अशांपैकीं एक साधन होय.

या लेखांतील खुबी समजून घेण्यासारखी आहे. आमटींत एक चमचा मीठ घाला, ही कृतीची आज्ञा झाली. ती चुकून दोनदां पाळली तर आमटी फुकट जाते. पाण्याची टांकी भरलेली असावी, ही स्थितीची आज्ञा झाली. ती दहा वेळां दिली तरी टांकी एकदांच भरते. चांगला मांडणी-लेख दुसऱ्या प्रकारचा असतो. ‘बॉइंक बसवा’ असें न म्हणतां ‘बॉइंक बसविलेलें असावें, यंत्र सुरू होतांच तें सुरू व्हावें, मर्यादांची फाइल अमुक असावी’ असें त्यांत म्हटलेलें असतें. मध्येंच वीज गेली किंवा संबंध तुटला, तरी तोच लेख पुन्हां चालवितां येतो; जें झालें आहे त्याला हात लागत नाहीं. लोक वेळेच्या बचतीचें कौतुक करतात, पण खरा लाभ या निश्चिंतपणाचा आहे.

मर्यादांची फाइल ही मात्र आळस करण्याची जागा नव्हे. रिकामें यंत्र फुकट राबतें हा समज चुकीचा आहे. पूर्ण भारानें चालणारा संगणक रिकाम्या संगणकापेक्षां पुष्कळच अधिक वीज खातो, आणि तिचें बिल कोणी तरी भरीत असतो. म्हणून प्रक्रियकाचा किती भाग वापरावा, मालकाचें काम वाढतांच केव्हां थांबावें, हे आंकडे आरंभींच लिहावे लागतात. खात्याची किल्ली, म्हणजे अक्षरें व अंक यांची एक लांब ओळ, लेखांत उघडी न ठेवतां वेगळी व कुलूपबंद ठेवावी. आणखी एक खोड पुष्कळांना भोंवते. एका यंत्रावर सर्व सिद्ध करून, त्याला उपक्रमांत नांव व काम मिळाल्यावर त्याची हुबेहूब नक्कल इतरांवर उतरविली, तर सगळीं यंत्रें एकच नांव सांगूं लागतात. नक्कल करावयाची ती नांव मिळण्यापूर्वींची. प्रत्येकानें प्रथम जागें होतांच आपली नोंद स्वतः करावी.

काढून टाकण्याचा लेखहि बसविण्याच्या लेखाबरोबरच लिहावा, हें फार थोडे लोक करतात. नवें काम घेऊं नये, हातांतलें पुरें करून पोंचतें करावें, मग संबंध तोडावा, अशी सोय बॉइंकमध्यें आहे. तसें न करितां भाड्याचें यंत्र परत दिलें, तर त्याच्याकडील तुकडा मुदत संपेपर्यंत अडकून राहतो आणि नंतर दुसऱ्या कोणाला पहिल्यापासून करावा लागतो.

आतां यांतील धोक्याची बाजू. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत एका शासकीय महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकानें संस्थेच्या अनेक संगणकांवर अशीच एक प्रणाली बसविली होती. हेतु लोकोपयोगी कामाचा, पण संस्थेची संमति नव्हती. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. जानेवारी २००२ मध्यें तडजोड होऊन एक वर्षाची देखरेख, २,१०० डॉलरांची भरपाई आणि ८० तासांची समाजसेवा एवढ्यावर तें प्रकरण मिटलें.

यंत्र स्वतःचें असावें, नाहीं तर मालकाची परवानगी घेतलेली असावी, असा बॉइंकचा स्पष्ट नियम आहे. परंतु मांडणी-लेख त्या परवानगीची चौकशी करीत नाहीं. तो कोणकोणत्या यंत्रांवर चालवावयाचा तें सांगणारी ओळ आरंभींच असते, आणि तेथें ‘सर्व’ एवढा एकच शब्द घातला तरी तो निमूटपणें सर्वत्र पोहोंचतो. सावध माणूस त्या जागीं संमति मिळालेल्या यंत्रांचीं नांवें एकेक करून लिहितो.