मोटारींत फोनचा आवाज बारीक कां येतो?

मोटारींतील रेडिओ लावला तर तो खणखणीत वाजतो. परंतु त्याच यंत्रास आपला मोबाइल फोन जोडून एखादें नाट्यगीत लावलें, कीं तें शेजारच्या वाड्यांतून ऐकूं यावें तसें येतें. मग यंत्राचें बटण शेवटपर्यंत फिरवावें, तरी गाण्याबरोबर खरखरच अधिक वाढावी, असा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. अशा वेळीं 'स्पीकर गेले' असें निदान करून नवे स्पीकर बसवून देणारे कारागीर गांवोगांव आहेत. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं दारांतील दोन्ही स्पीकर बदलून घेतले, आणि आवाज होता तेवढाच राहिला. रेडिओ जुन्या स्पीकरांतून उत्तम वाजत होता, एवढी एक गोष्ट त्या वेळीं कोणी ध्यानांत घेतली असती, तर तो खर्च वांचला असता.

पुण्याच्या मंडळींस कात्रजचा नळ ठाऊक आहे. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून शहरांतील हौदांपर्यंत आणलें होतें, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले होते. अशा नळाचें पाणी कमी येऊं लागलें, तर हौद पाडून नवा बांधण्यांत काय अर्थ? कोणत्या उच्छ्वासापर्यंत पाणी भरपूर आहे आणि कोठून पुढें तें आटलें, हेंच पाहावयास हवें. आवाजाचेंही तसेंच आहे. मूळ ध्वनिमुद्रण, फोनमधील आवाजाचें बटण, तेथून निघणारी तार किंवा बिनतारी ब्लूटूथ, मोटारींतील यंत्राचें प्रवेशद्वार, त्या यंत्राचें बटण, ध्वनिवर्धक, आणि शेवटीं स्पीकर, अशी ही वाट आहे. रेडिओ नीट वाजत असेल तर वाटेचीं शेवटचीं तीन ठाणीं निर्दोष ठरतात. शोध करावयाचा तो त्यांच्या अलीकडे.

या वाटेवर दोन तोट्या आहेत, एक फोनची व एक यंत्राची, आणि बहुतेक घोटाळा त्यांच्या वांटणींत असतो. फोनची तोटी निम्मी मिटलेली असेल तर यंत्राकडे क्षीण आवाज पोंचतो. मग यंत्र मोठें केलें म्हणजे तें गाण्याबरोबर वाटेंतील खरखरही तितक्याच उदारपणें वाढवितें. म्हणून फोनचा आवाज प्रथम जवळजवळ पूर्ण करावा, तारेनें जोडला असल्यास एकदोन पायऱ्या कमी, कारण कांहीं फोन अगदीं टोकाला फाटका आवाज देतात. आणि मग हवा तेवढा आवाज यंत्राच्या बटणानें घ्यावा. याचें कारण केवळ कानाचें सुख नव्हे. यंत्र पूर्ण मोठें करून ठेवलें असतां मध्येंच फोनचा संबंध तुटून रेडिओ सुरू झाला, तर भरधाव मोटारींत जो एकदम गडगडाट होतो, त्यानें हांकणाराचा हात सुकाणूवर दचकतो. हा धोका मला खर्चाहून मोठा वाटतो.

फोनचा आवाज मोठा करणेंही वाटतें तितकें सरळ नाहीं. घंटीचा, गजराचा, संभाषणाचा आणि गाण्याचा आवाज फोन वेगवेगळा राखतो. इतकेंच नव्हे, तर स्वतःच्या स्पीकरसाठीं एक व ब्लूटूथसाठीं दुसरी पायरी तो लक्षांत ठेवतो. तेव्हां फोन मोटारीस जोडलेला असतांना व गाणें चालू असतांनाच बाजूचें बटण दाबावें. वाट सांगणारी बाई हळूं बोलते अशी तक्रार असेल, तर अनेक मोटारींत ती बोलत असतांनाच यंत्राचें बटण फिरवावें लागतें. ती गप्प झाल्यावर फिरविलें तर वाढतो तो गाण्याचा आवाज. दूरध्वनीवरील बोलण्याचेंही तसेंच.

ब्लूटूथमध्यें आणखी एक गोम आहे. हल्लींच्या पुष्कळ फोनांत व यंत्रांत या दोन तोट्या एकमेकींस जोडून टाकलेल्या असतात. एक फिरविली कीं दुसरीही फिरते. या व्यवस्थेस 'ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' म्हणतात. दोघांचा मेळ जमला तर सोय, न जमला तर यंत्रास वाटतें फोननें पूर्ण दिलें, आणि फोनला वाटतें यंत्रानें पूर्ण घेतलें! अशा वेळीं प्रथम दोन्हींकडील जुनी ओळख पुसून नव्यानें जोडणी करावी. पुष्कळदां एवढ्यानें भागतें. जोडणींत 'मीडिया ऑडिओ' चालू आहे ना, तेंही पाहावें. तरीही आवाज बारीकच राहिला, तर अँड्रॉइड फोनमध्यें 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळां बोट टेकविलें म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स' हें दालन उघडतें. तेथें 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' ही कळ बहुतेक फोनांत सांपडते. ती चालू करून पुन्हां जोडलें म्हणजे दोन्ही तोट्या स्वतंत्र होतात. त्या दालनांतील इतर कळांस मात्र हात लावूं नये.

आयफोनची तऱ्हा निराळी. त्यानें मोटारीस हेडफोन समजलें, तर कानांच्या रक्षणासाठीं घातलेली मर्यादा मोटारीसही लागूं होऊं शकते. ब्लूटूथच्या यादींत मोटारीच्या नांवापुढें उपकरणाचा प्रकार 'कार स्टिरिओ' असा निवडावा. मर्यादाच काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें प्रौढ माणसानें 80 डेसिबलचा आवाज आठवड्यांत 40 तासांपर्यंत ऐकावा. आणि घरांतील मुलें तोच फोन कानांत खुंट्या घालून ऐकतात.

आतां तारेकडे वळूं. सीडी वाजविणारें यंत्र पूर्ण आवाजास सुमारें 2 व्होल्ट देतें. फोनचें हेडफोनचें छिद्र फार तर 1 व्होल्ट, पुष्कळदां अर्धाच. अर्धा व्होल्ट म्हणजे सीडीच्या चौथाई, हिशेबानें 12 डेसिबल कमी. आणि 10 डेसिबल कमी झाले कीं कानास आवाज सुमारें निम्मा वाटतो. म्हणजे तारेनें जोडलेला फोन थोडा बारीक वाजणें हा दोष नसून स्वभाव आहे. यावर उपाय म्हणून कित्येक यंत्रांत 'ऑक्स'ची प्रवेशपातळी वाढविण्याची सोय असते. ती कोणी उघडून पाहत नाहीं, इतकेंच.

ही 3.5 मिलिमीटरची पिन म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनेची धाकटी वंशज. ती अर्धवट बसली तर मोठी मौज होते: वाद्यें ऐकूं येतात, गाणारा नाहींसा होतो! गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणांत बहुधा डाव्या व उजव्या बाजूंस सारखाच घातलेला असतो. दोन्हींस समाईक असलेल्या परतीच्या तारेचा संबंध सुटला, म्हणजे यंत्रास दोन बाजूंमधील केवळ फरक ऐकूं येतो, आणि जें सारखें तें वजा होतें. तेव्हां आवाज बारीक व पोकळ झाला आणि गायक हरवला, तर दुसरें कांहीं न पाहतां पिन तपासावी. फोनच्या जाड कवचामुळें ती पुरती आंत जात नाहीं काय? छिद्रांत खिशांतील कापूस दाबून बसला आहे काय? फोन बंद करून लाकडी दांतकोरणीनें तो हलकेंच काढावा; सुई कधींही घालूं नये. छिद्रच नसलेल्या फोनांस जो लहान जोड लावतात, त्याचीही परीक्षा घ्यावी. एका कंपनीचा जोड दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला असतां आवाज बराच उतरतो, असें पुष्कळदां घडतें.

मूळ ध्वनिमुद्रणच हळूं असण्याचा संभव विसरूं नये. जुनीं व्याख्यानें व कीर्तनें फोनमध्यें उतरून घेतलेलीं असतात, त्यांचा आवाज पुष्कळदां मुळांतच बारीक असतो. दोनतीन निरनिराळीं गाणीं लावून पाहिलीं कीं हा संशय फिटतो.

हे सर्व प्रयोग मोटार उभी करून करावेत. 2019 साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमान्वयें हांकतांना हातांतील फोन वापरणें हें धोकादायक हांकणें ठरतें, आणि पहिल्याच अपराधास 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर आवाज सुधारला तरी कशानें सुधारला तें कळत नाहीं. अखेरीस शेजाऱ्याचा फोन त्याच मोटारीस, आणि आपला फोन दुसऱ्या मोटारीस जोडून पाहावा. आपला फोन तेथें मोठ्यानें वाजला व शेजाऱ्याचा येथें बारीक वाजला, तर दोष यंत्राच्या प्रवेशद्वारांत आहे. मग मात्र मोटार कारागिराकडे न्यावी, आणि रेडिओ नीट वाजतो हें त्यास पहिल्याच वाक्यांत सांगावें.