केसांची 'केस' : टक्कल पडलेल्या गावांकडून आपण काय शिकायचं?



'केस' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक डोक्यावरचे केस आणि दुसरी दवाखान्यातली केस. आजच्या लेखात दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. विषय आहे त्वचेच्या अनोख्या आजारांचा आणि डॉक्टर त्यांच्या नोंदी कशा लिहितात याचा. तुम्ही म्हणाल, हा डॉक्टरांचा विषय, आपल्याला काय करायचं? पण अंगावर डाग असलेलं, केस गेलेलं किंवा दात पिवळे पडलेलं लेकरू दवाखान्यात जाण्याआधी आपल्या वर्गात बसलेलं असतं. त्याला वर्गात कसं वागवलं जातं, हे डॉक्टर नाही, आपण ठरवतो.

शेगाव तालुक्यात काय घडलं?

आपल्या यवतमाळसारखाच अमरावती विभागातला जिल्हा म्हणजे बुलढाणा. तिथल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली. मग केस राठ झाले. त्यानंतर नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात यायचा. तीन-चार दिवसांत कित्येकांना पूर्ण टक्कल पडलं. पुरुष, बाया, लहान मुलं, कोणीच सुटलं नाही. पुढे १८ गावांमधल्या २७९ लोकांची नोंद झाली. काही महिन्यांनी त्याच भागात काही जणांची नखंही ठिसूळ होऊन गळू लागली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणीतरी 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवलं. विषाणू कोणाला सापडला नव्हता, पण नाव मात्र घरोघर पोचलं. त्याचा त्रास आजारापेक्षा कमी नव्हता. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींचं शिक्षण अडलं, ठरत आलेली लग्नं अडली. लोक हसतील म्हणून अनेकांनी उरलेले केसही काढून टाकले. केस गळून कोणाचा जीव जात नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला विचारून बघा, तिच्यासाठी ते काय असतं!

डॉक्टर काय करतात? ते आधी लिहितात

वैद्यकशास्त्रात 'केस रिपोर्ट' नावाचा लेखनप्रकार आहे. मराठीत त्याला रुग्णवृत्तांत म्हणू या. एखादा नेहमीपेक्षा वेगळा रुग्ण आला की डॉक्टर त्याची सविस्तर हकिकत लिहून वैद्यकीय मासिकात छापतात, म्हणजे जगात दुसरीकडे तसाच रुग्ण आला तर तिथल्या डॉक्टरला वाट सापडते. त्याची रचना साधारण अशी असते :

१) रुग्णाचं वय, काम, राहण्याचा परिसर. नाव नसतं. ओळख पटू नये याची काळजी घेतात आणि फोटो छापायचा तर संमती घेतात.
२) तक्रार काय, कधीपासून, आधी काय झालं, मग काय झालं.
३) डोळ्यांना काय दिसलं आणि हाताला काय लागलं.
४) कोणत्या तपासण्या केल्या.
५) कोणकोणत्या आजारांची शक्यता होती आणि एकेक शक्यता का सोडली.
६) उपचार काय केले आणि पुढे काय झालं.

यातला पाचवा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फटक्यात उत्तर द्यायचं नाही. 'हे असू शकतं, तेही असू शकतं' असं लिहायचं आणि पुराव्यावर एकेक नाव खोडत जायचं. आपण मुलांना उदाहरण सोडवायला शिकवतो ते याहून वेगळं काय असतं?

चला, एकेक नाव खोडून पाहू

शेगावच्या गावांचं उदाहरण याच पद्धतीनं मांडून पाहू.

*चाई असेल का?* चाईमध्ये डोक्यावर गोल, गुळगुळीत चकत्या पडतात. शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून हे होतं. पण चाई संसर्गानं पसरत नाही. ती एकेकट्या माणसाला होते, एकाच आठवड्यात अख्ख्या गावाला होत नाही.

*बुरशी म्हणजे नायटा असेल का?* सुरुवातीला हा संशय होता. डोक्यावरचा नायटा मुलांमध्ये आढळतो आणि पसरतोही. पण त्यात कोंड्यासारखे पापुद्रे निघतात, केस तुटतात आणि हे हळूहळू वाढतं. तीन दिवसांत पूर्ण डोकं मोकळं होणं नायट्यात बसत नाही.

*तापानंतरची केसगळती?* टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर केस गळतात, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. पण ते दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि केस फक्त विरळ होतात.

*पाणी?* हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे संशय पाण्यावर जाणं साहजिक होतं. पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पण खारं पाणी तिथे पिढ्यान्पिढ्या आहे. मग केस याच डिसेंबरात का गळले?

उरलं काय? वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या घरांतली माणसं, एकाच वेळी आणि एकाच प्रकारे आजारी. याचा अर्थ सगळ्यांच्या शरीरात एकाच वेळी नवीन काहीतरी गेलं असावं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली. रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य असे नमुने गेले.

महाडच्या डॉक्टरांनी गहू तपासला

याच काळात डॉ. हिंमतराव बावसकर या गावांमध्ये गेले. हे नाव मुलांना जरूर सांगा. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे बावसकर १९७६ पासून रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर दगावत होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर चालतं हे पुढे आलं आणि 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध मासिकात ते छापून आलं. सुमारे ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं सुरू झालं ते खेड्यातल्या दवाखान्यातल्या नोंदींपासून.

शेगावच्या गावांत बावसकरांनी लोकांच्या खाण्याकडे लक्ष दिलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य कितीतरी पट जास्त आणि जस्त कमी आढळलं. मग त्यांनी गहू तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष वर्तमानपत्रांत आले. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम आणि धुतलेल्या गव्हात १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. एरवी गव्हात ते ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असतं. त्यांनी रेशनच्या दुकानातून आलेल्या गव्हाकडे बोट दाखवलं. धुऊनही फारसा फरक पडला नाही, कारण ते दाण्याला वरून चिकटलेलं नव्हतं, दाण्याच्या आत होतं.

सेलेनियम म्हणजे काय?

सेलेनियम हे विष आहे असं मुलांना सांगू नका, ते अर्धसत्य होईल. शरीराला ते लागतं, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. ते फारच कमी पडलं तर हृदय कमकुवत होतं. चीनमधल्या केशान भागात असा आजार आढळला आणि त्या भागावरूनच आजाराला नाव पडलं. आणि फार झालं तर केस आणि नखं गळतात.

केस आणि नखंच का? दोन्ही त्वचेचेच भाग आहेत आणि केराटिन नावाच्या प्रथिनानं बनतात. केराटिनला घट्टपणा येतो तो त्यातल्या गंधकामुळे. सेलेनियम हे रसायनशास्त्रात गंधकाच्या घरातलंच भावंड. दिसायला-वागायला सारखं, म्हणून ते गंधकाची जागा घेतं. पण तेवढी पकड धरत नाही. भिंत बांधताना सिमेंटऐवजी माती वापरल्यासारखं होतं. मूळ जिवंत राहतं, म्हणून जास्तीचं सेलेनियम पोटात जाणं थांबलं की केस परत उगवतात. ही आशेची बाजू मुलांना नक्की सांगा.

हे जगात पहिल्यांदाच घडलं असंही नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात असाच प्रकार झाला होता. सर्वाधिक त्रास झालेल्या गावांमध्ये जवळपास निम्म्या लोकांचे केस आणि नखं गेली. तिथल्या दगडी कोळशातलं सेलेनियम मातीत आणि मातीतून पिकात उतरलं होतं. आपल्या देशात पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे. तिथे गुरांचे खूर आणि शिंगंही खराब होतात. एन्शीच्या नोंदी कोणीतरी लिहून ठेवल्या म्हणूनच आज केस आणि नखं एकत्र गळताना दिसली की जाणत्या डॉक्टरला सेलेनियम आठवतं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण

आता लांब कशाला जायचं? आपल्याच पांढरकवडा, झरी, मारेगाव भागात पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. ते ब्रशनं जात नाहीत. पण त्या मुलांना वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, "दात घासत नाहीस का रे?" लेकरू रोज दात घासत असतं. दोष हापशीच्या पाण्याचा आणि बोलणी मात्र लेकराला!

शेगावची गावं आणि हे दात, दोन्ही ठिकाणी शिकवण एकच आहे. अंगावर दिसणारी खूण ही त्या मुलाची चूक नसते. ते काय खातं, काय पितं, कुठे राहतं, याची ती नोंद असते.

वर्गात आपण काय करू शकतो?

१) नाव ठेवू नका, निरीक्षण लिहा. 'हिला कसलातरी रोग आहे' असं म्हणण्याऐवजी 'डाव्या दंडावर फिकट डाग, दिवाळीपासून, खाज नाही' एवढं लिहून ठेवा. ही चिठ्ठी पालकांना किंवा डॉक्टरांनाच द्या.

२) मोजा. एकाच मुलाला आहे की पाच जणांना? ती पाच एकाच वस्तीतली आहेत का? एकाच हापशीचं पाणी पितात का? असं काही लक्षात आलं तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

३) सुन्न डाग असेल तर थांबू नका. मुलांच्या गालावरचे फिकट डाग बहुतेक वेळा साधे असतात. पण फिकट किंवा लालसर डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. वेळेत सुरू केलं तर व्यंग टळतं आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती राहत नाही.

४) मलम सुचवू नका. नायट्यावर दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमानं दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा जास्त पसरतो आणि चिवट होतो.

५) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्यांच्या यादीत त्वचेचे आजारही असतात. आपली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली तर घाईत ते मूल सुटत नाही.

६) फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. डॉक्टर ओळख लपवतात आणि संमती घेतात, मग आपण का नाही?

मुलांसाठी एक उपक्रम

पाचवीच्या वर्गात हे गणित द्या. एका किलो गव्हात १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आहे. एक माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खातो. त्याच्या पोटात किती सेलेनियम गेलं? उत्तर ४.३५६ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३५६ मायक्रोग्रॅम. मर्यादा ४०० ची. म्हणजे जवळपास ११ पट! दशांश अपूर्णांक, एकक रूपांतर आणि परिसर अभ्यास, तिन्ही एका उदाहरणात होतात.

त्यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारा : "आपल्या वर्गात असा एखादा मित्र टोपी घालून आला, तर आपण काय करू?" उत्तरं फळ्यावर लिहा. कोणी हसलं तर रागावू नका, आधी हे गणित पुन्हा दाखवा. टक्कल पडण्यात त्या मित्राचा काहीच दोष नव्हता, पोळी तर सगळेच खातात, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. आणि एकदा लक्षात आलं की त्या मित्राशेजारी कोण बसणार, हे आपल्याला सांगावं लागत नाही.