दोनशे पानांची अट

पत्त्यांचा कॅट पिसताना आपल्या बोटांना ५२ पानांची सवय झालेली असते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पानं असतात. पण इथे ज्या डेकबद्दल लिहितो आहे त्यात २४० पानं आहेत, आणि त्यातली निदान दोनशे केवळ एका पत्त्याच्या हट्टापायी जमवलेली आहेत.

खेळ आहे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. गारफिल्ड यांची डॉक्टरेट कॉम्बिनेटोरिक्समधली, म्हणजे मांडण्या मोजण्याच्या गणितातली. इथे प्रत्येक खेळाडू आपला डेक स्वतः बांधून आणतो. नेहमीच्या डेकमध्ये किमान ६० पानं हवीत आणि एकच पत्ता चारपेक्षा जास्त वेळा घालायचा नाही. ही मर्यादा साध्या जमिनींना, म्हणजे बेसिक लँडना, नाही. कमाल संख्येवर मात्र बंधन नाही. स्पर्धेत अट एवढीच, की आपला डेक आपल्याला कुणाच्या मदतीशिवाय, वेळेत पिसता आला पाहिजे.

तरीही जाणते खेळाडू साठाच्या पुढे सहसा जात नाहीत. कारण उघड आहे. आपला सर्वांत चांगला पत्ता चार वेळा घातला, तर साठातल्या पहिल्या सात पानांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ४० टक्के असते. एकसष्टावं पान वाढवलं की ती किंचित घटते. डेक जितका सडपातळ तितका भरवशाचा, हा या खेळातला पहिला धडा.

२००१ सालच्या ‘ओडिसी’ संचात हा धडा उलटा करणारा पत्ता आला: ‘बॅटल ऑफ विट्स’. पाच माना, म्हणजे जमिनींतून मिळणारी शक्ती, मोजून तो टेबलावर मांडायचा. मग तुमच्या पुढच्या पाळीच्या आरंभी, पान ओढण्याआधी, तुमच्या लायब्ररीत, म्हणजे न ओढलेल्या गठ्ठ्यात, २०० किंवा जास्त पानं असली, तर तुम्ही जिंकलात. समोरच्याचे वीसच्या वीस प्राण, जे शून्यावर आणून एरवी जिंकायचं असतं, शाबूत असले तरी जिंकलात! एका वाक्याने खेळाचा पाया असा फिरवणारे पत्ते मला फार प्रिय आहेत, आणि त्यात याचा मान पहिला.

पण याची किंमत बघा. सुरुवातीला सात पानं हातात येतात. पहिली पाळी तुमची असेल तर त्या पाळीत पान ओढत नाहीत. पुढच्या चार पाळ्यांत चार. पाचव्या पाळीत पाच माना जमल्या आणि पत्ता मांडला, तर तोवर ११ पानं गेलेली असतात. म्हणजे २११ पानांचा डेक अगदी काठावरचा झाला. खेळ जरा लांबला की तो दोनशेच्या खाली घसरतो, म्हणून २४०. साठात २४ जमिनी हे प्रमाण धरलं तर इथे ९६ लागतात. आणि ‘बॅटल ऑफ विट्स’? तो चारच! पहिल्या सात पानांत तो येण्याची शक्यता ४० टक्क्यांवरून ११.२ वर येते, अकरा पानांत १७.२ टक्के.

यावर तोड एकच: ट्यूटर. त्याच ‘ओडिसी’ संचातला ‘डायबोलिक ट्यूटर’ चार मानांत गठ्ठ्यातला हवा तो पत्ता शोधून हातात देतो. असे निरनिराळे शोधक पत्ते मिळून बारा घातले, तर मूळ चार धरून १६ होतात, आणि २४० मध्ये १६ म्हणजे ६० मध्ये ४. मग पहिल्या सात पानांत यातलं एखादं तरी येण्याची शक्यता ३८.७ टक्के, जवळपास जुन्या जागी. मात्र ट्यूटर वापरायला माना लागतात, पाळी जाते, गठ्ठ्यातलं एक पान कमी होतं, आणि प्रत्येक शोधानंतर उरलेली सव्वादोनशे पानं पुन्हा पिसावी लागतात.

पिसणं! ५२ पानं नीट मिसळायला सात वेळा पिसावी लागतात, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ साली मांडलेलं गणित. त्याच हिशोबाने २४० पानांना दहा-अकरा फेऱ्या लागतात. पानं साडेचारपट, पण फेऱ्या दीडपटच. पानं वाढतात त्या वेगाने फेऱ्या वाढत नाहीत; दमतात ती बोटं, कारण स्लीव्हमध्ये घातलेला हा गठ्ठा अर्ध्या वितीहून उंच भरतो.

आणि एवढं पिसून जो क्रम लागतो तो किती क्रमांपैकी एक? साठ वेगवेगळी पानं मांडण्याचे प्रकार लिहायला ८२ अंकी संख्या लागते. दृश्य विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज एकावर ८० शून्ये, म्हणजे ८१ अंकी. विश्व साठातच मागे पडलं. २४० पानांची संख्या ४६९ अंकी आहे. ओळीत तीस अंक मावणाऱ्या स्तंभात ती छापली तर सोळा ओळी जातील. कुणी म्हणेल, चार-चार पानं सारखीच असतात की. बरं, सगळीच पानं चार-चार सारखी धरू. तरी ३८६ अंक उरतात. विश्वाच्या जन्मापासून सेकंदाला एक क्रम लावत बसलो असतो, तरी आजवरचे क्रम १८ अंकी संख्येत मावले असते.

खेळणाऱ्याला मात्र त्या ४६९ अंकांशी देणंघेणं नसतं. पत्ता टेबलावर मांडून झाला की त्याची नजर समोरच्याच्या हाताकडे असते. ‘डिसएन्चँट’ हा १९९३ पासूनचा पत्ता दोन मानांत ‘बॅटल ऑफ विट्स’ नष्ट करून त्याचा सगळा बेत मोडू शकतो. समोरच्याने साठ पानांत तो चार वेळा घातला असेल, तर त्याच्या पाचव्या पाळीपर्यंत बारा पानं पाहून झालेली असतात आणि त्यात तो असण्याची शक्यता ६० टक्के. ती पाळी सुखरूप गेली, तर गठ्ठा टेबलावर घ्यायचा आणि दहा-दहा पानांचे ढीग लावायचे. वीस ढीग पूर्ण व्हायला हवेत.