तेलाच्या विहिरीची दुरुस्ती नेमकी कधी करायची? यामागे आहे एक भन्नाट गणित!

27 मे 2020. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या बागजानमध्ये ऑइल इंडियाच्या 5 नंबरच्या विहिरीतून अचानक गॅस उसळायला लागला. 9 जूनला विहिरीने पेट घेतला. आग विझवणाऱ्या दोघांचा जीव गेला, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला.

यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. गॅस उसळला तेव्हा या विहिरीवर 'वर्कओव्हर' सुरू होतं, म्हणजे चालू विहीर थांबवून तिच्या आत काम करणं.

थोडक्यात, विहीर उघडणं हेच जोखमीचं काम. दुरुस्तीला उशीर केला तर बिघाड होणार आणि उगाच घाई केली तर नसलेला धोका ओढवून घेणार. मग योग्य वेळ ठरवायची कशी? इथे कामाला येतं रिलायबिलिटी इंजिनिअरिंग.

दरवर्षी सर्व्हिसिंग केली तर?

आपण गाडीची करतो तशी? हा समज मोडीत काढला विमान कंपन्यांनी. 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी एक अहवाल लिहिला. त्यांनी तपासलेल्या विमानाच्या भागांपैकी फक्त 11 टक्के भाग असे होते, जे ठराविक वयानंतर बदलण्यात फायदा होता. उलट 68 टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता नवीन बसवल्यावरच सर्वात जास्त होती!

तोच विचार पुढे तेल उद्योगातही आला. कोणता भाग कसा बिघडतो, हे आधी बघा. झिजत जाणारा भाग वेळेत बदला, पण कधीही अचानक बिघडणारा भाग केवळ जुना झाला म्हणून बदलू नका.

पंपाचं आयुष्य कसं मोजतात?

अनेक विहिरींत तेल वर खेचायला खोलवर विजेचा पंप बसवलेला असतो. समजा, असे 10 पंप एकाच दिवशी बसवले. त्यातले 4 पंप 200, 300, 400 आणि 500 दिवसांनी बंद पडले. उरलेले 6 पंप 600 दिवस झाले तरी चालूच आहेत.

बंद पडलेल्यांचीच सरासरी काढली तर आयुष्य येतं 350 दिवस. पण हे चुकीचं आहे, कारण चालू पंपांचे दिवस आपण मोजलेच नाहीत. सगळ्यांचे मिळून दिवस होतात 5,000. त्याला 4 बिघाडांनी भागलं की उत्तर येतं 1,250 दिवस. पहिल्या आकड्यावर विसंबलात तर चांगले पंप उपसून काढत बसाल.

न दिसणारा बिघाड

पंप बंद पडला की लगेच कळतं. पण विहिरीच्या आत एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वरून दिलेल्या तेलाच्या दाबामुळे तो उघडा राहतो. दाब गेला की स्प्रिंग त्याला बंद करते आणि विहीर आतूनच थांबते. तो अडकला असेल तर रोजच्या उत्पादनात काहीच फरक दिसत नाही. कळतं ते थेट संकटाच्या वेळी!

म्हणून तो मुद्दाम बंद करून तपासतात. दर 6 महिन्यांनी तपासणी असेल आणि मध्येच कधीतरी तो बिघडला, तर सरासरी 3 महिने कुणाला पत्ताच लागणार नाही. तपासणी किती दिवसांनी करायची, हे याच हिशोबावर ठरतं.

आधी नंबर कुणाचा?

विहिरी भरपूर, रिग मोजक्या. त्यात मुंबई हायसारख्या समुद्रातल्या विहिरी असतील तर खवळलेल्या समुद्रात रिग हलवणंही अवघड.

समजा, एका विहिरीतून रोज 500 बॅरल तेल येतं आणि ती वर्षभरात बंद पडण्याची शक्यता आहे 10 टक्के. दुसरीतून येतं 50 बॅरल, शक्यता 40 टक्के. गुणाकार केला तर पहिलीचा आकडा 50, दुसरीचा 20. म्हणजे दुसरी जास्त कमजोर असूनही आधी लक्ष पहिलीकडे.

पण हा झाला फक्त तेलाचा हिशोब. गळती झाली तर जवळ वस्ती आहे का, पाणथळ जागा आहे का, हेही त्यात धरावंच लागतं. बागजानच्या शेजारी तर दोन्ही होतं.