हाली सिक्का: संग्रह आणि मूल्यनिर्धारण

प्रस्तावना :
भूम परिसर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या रुपयांमध्ये चारमिनार छापाचे नाणे आजही आढळते. पैशांची निकड भासली की ते सराफाकडे जाते, चांदीच्या भावाने विकले जाते व वितळते. या नाण्याचे खरे मूल्य कसे ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

हाली सिक्क्याचे स्वरूप :
'हाली' म्हणजे चालू. निजामाच्या या स्वतंत्र चलनात एका आण्याचे बारा पै होत. 1918 च्या कायद्यानंतर संस्थानाने कागदी नोटाही काढल्या व त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू आणि कानडी भाषांना स्थान मिळाले. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा विनिमय दर होता. 1959 मध्ये हे चलन कायमचे बंद झाले.

मूल्यनिर्धारणाचे निकष :
1) धातू : चारमिनार रुपयाचे वजन सुमारे 11.2 ग्रॅम असून त्यात साधारणतः 82 टक्के चांदी असे. सराफ केवळ हेच मूल्य मोजतो.
2) काळ व प्रकार : नाण्यावर हिजरी सन असतो. त्यास 0.97 ने गुणून 622 मिळविल्यास इसवी सन अंदाजे कळतो. उदा. हिजरी 1330 म्हणजे इ.स. 1912. चारमिनारच्या कमानीत 'मीम' अक्षर असल्यास नाणे मीर महबूब अली खान यांचे, तर 'ऐन' असल्यास मीर उस्मान अली खान यांचे. उस्मान अलींच्या आरंभीच्या नाण्यांवर अर्धा ऐन आहे, तर पुढील नाण्यांवर पूर्ण. संग्राहक असे सूक्ष्म भेद जाणतात.
3) दुर्मिळता : केवळ जुनेपण म्हणजे दुर्मिळता नव्हे. विपुल प्रमाणात पाडलेले शंभर वर्षांपूर्वीचे नाणेही सामान्यच ठरते.
4) स्थिती : चिंच वा राख लावून घासलेल्या नाण्याची झळाळी वाढते, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य घटते. कडी जोडलेल्या नाण्याचेही तसेच.

कायदा व दक्षता :
1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष असून ते परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. जमिनीत धन सापडल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला आहे.

निष्कर्ष :
आपल्याच जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचलेल्या वस्तूंमुळे प्राचीन तगर नगराचा पुरावा गावातच राहिला. वस्तू कोठे सापडली हे ज्ञात असल्यास तिचे ऐतिहासिक मूल्य वाढते. घरातील नाणे विकावे की ठेवावे, हा कुटुंबाचा प्रश्न आहे. तथापि विकण्यापूर्वी त्यावरील सन वाचावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि ते घरात कसे आले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. वितळलेले नाणे चांदी देते, परंतु साक्ष देत नाही.